जिभेला चिकटलेला तुकडा

हॉस्पिटलच्या किचनमधली शिफ्ट करून साउथहॅम्प्टनच्या घरी आले की बूट काढणंही जिवावर येतं. आज तशीच बसले होते. शाळेच्या ट्रिपला समुद्रावर गेलेली माझी इरा आली आणि तिने एक तपकिरी तुकडा हातात ठेवला. "आई, हा डायनासोरचा बोन आहे ना?"

त्या खडबडीत स्पर्शाने मी थेट कच्छच्या रखरखीत डोंगरात पोचले. पुण्याहून आमची जिऑलॉजीची फील्ड ट्रिप गेली होती. एके काळी तिथे समुद्र होता आणि त्याच्या काठाने डायनासोर हिंडायचे. भर दुपारी, उन्हाने तापलेल्या हातोड्याचे चटके बसत असताना, मला असाच तुकडा सापडला. जुनं हाड सच्छिद्र असतं, ते जिभेला चिकटतं आणि दगड चिकटत नाही, म्हणून आम्ही सगळे चाटून बघायचो. "सर, चिकटलं!" मी ओरडले.

"तोंड कोरडं पडलंय तुझं. आधी पाणी पी," सर म्हणाले. पाणी प्यायले, पुन्हा जीभ लावली. तुकडा टपकन तळहातावर पडला. दगडच होता.

तेव्हा सरांचा काटेकोरपणा फार आवडला होता. आता, अशी दमून बसले की वाटतं, सर ते सांगायला संध्याकाळपर्यंत थांबले असते तर काय बिघडलं असतं?

इराला मी ती युक्ती सांगितली. तिने लगेच जीभ लावली. "आई, चिकटला!"

सकाळी भरून दिलेली तिची पाण्याची बाटली तशीच परत आली होती. मी ती तिच्यापुढे केली नाही.