न दिसणारा सांधा

संग्रहालयाच्या तळघरात एकोणतीस वर्षं मोडकं जोडत बसलेल्या माणसाला सगळे सांधेकाका म्हणत. शंख असो, हाड असो, काका सरस लावून असं जोडत की तडा भिंगातूनही सापडू नये. "माझा सांधा दाखवा आणि मला घरी पाठवा," ही त्यांची नेहमीची फुशारकी. आता तीच अंगाशी आली होती.

समोरच्या टेबलावर बसणाऱ्या मॅडम जाळीच्या पोवळ्यांवर काम करत. ही नाजूक पोवळी जगातल्या बहुतेक समुद्रांत सापडतात, अगदी बर्फाळ पाण्यातसुद्धा. बरीचशी खोल अंधारात वाढतात, त्यांचं उन्हावाचून काही अडत नाही. रंग सांगाड्यातच मुरलेला, म्हणून मेल्यावरही गुलाबी ते गुलाबीच. वाढ फांद्याफांद्यांची, म्हणून त्याला झाड म्हणायचं; आणि एक झाड सहसा एक तर नराचं, नाही तर मादीचं. फांदीवरच्या बारीक फुगवट्यांवरून ते कळतं. मॅडमना मात्र एकाच झाडावर दोन्ही सापडले होते. सहा महिने खपून लिहिलेला लेख शुक्रवारी छापायला जाणार होता.

ते झाड काकांनी पाहताच ओळखलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कपाट सरकवताना त्यांच्या हातून दोन झाडं पडली होती. बोलणी बसतील म्हणून त्यांनी दोन्हींच्या शाबूत फांद्यांचं एकच झाड उभं केलं. रंग जुळला, झालं. दुसऱ्या झाडाची नोंदीची चिठ्ठी फाडून टाकली.

काकांना जेवण जाईना. बायकोनं खोदून खोदून विचारलं, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "करून गेला गाव नि दुसऱ्याचं नाव, असं होईल हो. छापून त्या पोरीचं नाव येणार आहे."

गुरुवारी काका गरम पाण्याचं भांडं घेऊन मॅडमसमोर उभे राहिले.

"मॅडम, हे एक झाड नाही. दोन आहेत. मी जोडलंय."

मॅडमना पटेना. त्यांनी भिंग लावून पुन्हा पाहिलं, सांधा दिसला नाही. क्षणभर काकांना बरं वाटलं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. त्यांनी फांदी पाण्यात धरली. थोड्या वेळानं सरस विरघळला आणि ती अलगद त्यांच्या तळहातावर आली.

मॅडमनी शुक्रवारचा लेख बाजूला सारला. मग हळूच म्हणाल्या, "काका, अशी अजून किती?"

त्या पहिल्या वेळी कुणी ओळखलं नाही, म्हणून पुढे काकांना तुकडा कमी पडला की शेजारच्या पेटीतला घ्यायची सवयच लागली होती. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

काकांनी किल्ल्या काढल्या, पहिलं कपाट उघडलं आणि पाणी पुन्हा तापायला ठेवलं.