वहिनी कशी होती

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे काजबाई म्हणत. सव्वीस वर्षं तिनं काजाच्या मशीनवर शर्टांना बटणांची भोकं पाडली होती. स्वभावानं इतकी शांत, की शेजारची कटिंगवाली म्हणायची, "दगडसुद्धा पावसात ओला होतो, ही नाही होत."

एके दिवशी मास्तरांच्या टेबलावरचा फोन तिच्यासाठी वाजला. समुद्राकाठच्या गावातल्या बर्फाच्या कारखान्याचा कारकून बोलत होता. "तुमचे मिस्टर गेले. चार दिवस झाले. त्यांच्या जुन्या अर्जावर जवळचं माणूस म्हणून हा नंबर आज सापडला. सामान न्यायला याल?"

नवरा घर सोडून गेल्याला सतरा वर्षं झाली होती. तो कुठं आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. ती "बरं" म्हणाली आणि उरलेले चाळीस शर्ट पुरे करून उठली.

जलद गाडीचं आरक्षण मिळालं नाही. मिळाली ती पॅसेंजर, दिसेल त्या खांबाला थांबणारी. लाकडी बाकावर ती सात तास बसली. एका आडबाजूच्या स्टेशनात गाडी पाऊण तास क्रॉसिंगला खोळंबली, तेव्हा लोक खाली उतरून पाय मोकळे करू लागले. समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "समुद्र बघायला का?"

"हो," ती म्हणाली. एवढं सोपं उत्तर असताना दुसरं कशाला शोधायचं? रडू येईल म्हणून तिनं दोन रुमाल घेतले होते. ते पिशवीत घडी घातलेलेच राहिले.

नवऱ्याची खोली बर्फाच्या कारखान्यावरच होती. जिन्याच्या भिंती गार, पायऱ्या ओलसर. दार एका बाईनं उघडलं. डोळे सुजलेले, बोटांना मासेमारीची जाळी दुरुस्त करून पडलेले घट्टे.

"या ना. कारकून म्हणाले, त्यांच्या घरचं कुणीतरी येतंय. तुम्ही बहीण का? बायको तर फार पूर्वीच वारली, असं सांगायचे."

काजबाई उंबऱ्यात उभी राहिली. जिवंत आहे म्हणून सांगायचं, तर सगळंच पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

"हो, बहीण," ती म्हणाली.

ती बाई तिच्या गळ्यातच पडली. पंधरा वर्षांचा संसार, हुंदके आवरेनात. काजबाई तिची पाठ थोपटत राहिली. दुःख कुणाचं आणि समजूत कोण घालतंय, हा विचार तिच्या मनात आला आणि माशी उडावी तसा निघून गेला.

मग दोघींनी मिळून कपड्यांच्या घड्या घातल्या. चहा झाला. त्या बाईनं हळूच विचारलं, "ताई, वहिनी कशी होती हो?"

काजबाईनं जरा आठवून बघितलं. "कामाची होती. बोलायची कमी."

"कशानं गेली?"

"कुणाला कळलंच नाही."

"बिचारी," ती बाई म्हणाली आणि पुन्हा डोळे पुसू लागली, या वेळी वहिनीसाठी.

निघताना काजबाई खाली कारकुनाकडे गेली. "सामान वरच्या बाईंकडेच राहू दे. तसं लिहून देते."

कारकून गोंधळला. "पण कागदावर पत्नी तुम्ही आहात."

"कागदावर आहे. वर मी मेलेय. त्यांना काही सांगू नका."

गाडीला अजून अवकाश होता, म्हणून ती धक्क्यापर्यंत गेली. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. पुष्कळ पाणी होतं. थोडा वेळ बघून ती स्टेशनकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "झालं का काम?"

"झालं," म्हणून तिनं सुईत दोरा ओवला.

दोन महिन्यांनी फोन पुन्हा वाजला. "ताई, खोली फार खायला उठते हो. माहेरचं म्हणावं असं मला कुणी नाही. चार दिवस येता का?"

काजबाईला राग आला नाही, बरंही वाटलं नाही. "बघते," ती म्हणाली. फोन ठेवून ती तिथंच उभी राहिली आणि मास्तरांना म्हणाली, "चार दिवसांची रजा हवी होती. भावजय एकटी आहे."

मास्तरांनी मान वर करून पाहिलं. सव्वीस वर्षांत हिला भाऊ असल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी रजेची वही पुढं ओढली आणि तिच्या नावापुढं चार दिवस मांडले.