आधीची तीन वर्षं

"पहिली तीन वर्षं काढून टाका. नाव वेगळं, मालक वेगळे, आणि हरण्याशिवाय केलं काय त्यांनी?" व्यवस्थापक मला म्हणाले. आमच्या व्यावसायिक इनडोअर फुटबॉल संघाच्या स्मरणिकेसाठी मी संघाचा इतिहास लिहीत होते.

शेजारी सदाकाका गोलची फाटलेली जाळी गाठी मारून सांधत होते. त्या तीन वर्षांत ते गोलकीपर होते; आता हॉल सांभाळतात.

"हरलो खरं, साहेब. पण माणसं तिकीट काढून यायची."

"तुम्हाला बघायला, की तुम्हाला हसायला?"

काका हसले. पण हातातली गाठ सुटली, आणि ती त्यांनी पुन्हा मारली नाही.

मला आई आठवली. लग्नात बाबांनी तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. त्याआधीची तेवीस वर्षं तिच्याजवळ असतीलच, पण आमच्या घरात ती कुणी विचारत नाही. मीही कधी विचारली नाहीत. काकांचा डावा अंगठा त्या तीन वर्षांत मोडला आणि वाकडाच जुळला. तो आता कुठल्या संघाच्या इतिहासात घालायचा?

बोलण्याआधी मी वाक्य मनात दोनतीनदा जुळवते, आणि तोवर बहुतेकदा विषय बदललेला असतो. व्यवस्थापक उठू लागले.

"सर, ती तीन वर्षं राहू द्या," मी म्हणाले. "ती नसतील, तर लेखाखाली माझंही नाव नको."