गाडेकरबाईंनी लावलेला लाल टॅग

गाडेकरबाई कुठलीही वस्तू हातात आली की आधी नाकाशी धरायच्या. चाकणच्या आमच्या कंपनीत बाहेरून ब्रेकचे सुटे भाग यायचे. खोकं उघडलं की बाई वास घ्यायच्या, मग भिंगातून बघायच्या, मग मोजायच्या. त्यांच्या हाताखाली तपासणीला लागले त्या पहिल्या दिवशी मी हसले, तेव्हा वर न बघता म्हणाल्या, "हस की. पन हात चालू ठेव." मी लातूरची, तोंडानं फटकळ, कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाही. बाईंचं ऐकून घेतलं. त्या राजगुरुनगरच्या, साठीला टेकलेल्या. नवरा गेलेला, घर त्यांच्याच पगारावर. निवृत्तीनंतर कंपनीनं त्यांना वर्षावर्षाच्या करारावर ठेवलं होतं, आणि तो करार आणखी दोन-तीन वेळा वाढावा एवढंच त्यांचं मागणं होतं.

मला गेम खेळायचं वेड. कासारवाडीच्या खोलीत जुना कॉम्प्युटर होता, नवे गेम त्यावर धापा टाकत चालायचे. ग्राफिक्स कार्ड बदलायचं ठरवलं. बजेट पंधरा हजार. तेवढ्यात मनासारखं नवं येईना, म्हणून वापरलेलं बघत होते. दुकानदार मला सरळ उत्तरच देत नव्हते. "भावासाठी घेताय का, मॅडम?" हे इतक्यांदा ऐकलंय की पुढच्या विचारणाऱ्याचं काही खरं नाही. डबा खाताना हे सगळं मी बाईंपुढे ओकले.

"ते कार्ड करतं काय?" बाईंनी विचारलं.

"पडद्यावर चित्र काढतं."

"चित्रं काढायला एवढं तापतं? मंग वीज बी तेवढीच खात आसंल. तुझ्या कॉम्प्युटरच्या डब्याला झेपंल का?"

दोन महिने व्हिडिओ बघून कुठलं कार्ड किती पळतं हे मला पाठ झालं होतं, आणि माझा पॉवर सप्लाय किती वॉटचा आहे ते माहीत नव्हतं. घरी जाऊन झाकण उघडलं. मनात भरलेलं कार्ड लावलं असतं तर सप्लायनं पहिल्याच आठवड्यात मान टाकली असती. स्वतःचाच असा राग आला की जेवले नाही.

रविवारी बाई माझ्यासोबत पिंपरीच्या दुकानात आल्या. दुकानदारानं एक कार्ड पुढे सरकवलं. बाई म्हणाल्या, "चालवून दाखवा."

"काकू, माझी गॅरंटी आहे ना."

"तोंडाची गॅरंटी तोंडापाशी ऱ्हाऊ द्या. आर्धा तास चालवा. पुऱ्या लोडवर."

बाराव्या मिनिटाला पडदा काळा झाला. दुकानदार केबलला दोष देऊ लागला. बाईंनी पिशवी उचलली आणि मला म्हणाल्या, "चल."

हे प्रकरण तिथंच संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मला कार्ड हवंय हे खरेदी विभागाच्या मोहिते साहेबांना कळलं. त्यांनी मुलाचं कार्ड विकायला आणलं. "घरचं आहे, एकदाही उघडलेलं नाही," म्हणाले. मला ते हवं होतं, चांगलंच हवं होतं. आठ जीबीचं, माझ्या सप्लायला झेपणारं, बजेटात बसणारं. जेवणाच्या सुट्टीत, साहेबांच्या देखतच, मी ते बाईंच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी वास घेतला. भिंग काढलं. चारपैकी तीन स्क्रूंच्या डोक्यावर ओरखडे होते, चिपच्या कडेला पिवळा डाग.

"साहेब, ह्ये उघडलंय. आन् भाजून दुरुस्त केलंय."

"बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?"

बाईंनी रिजेक्ट मालाला लावतात तो लाल टॅग घेतला, त्यावर 'उघडलेले, जळका वास' असं लिहिलं आणि कार्डाला बांधून साहेबांच्या हातात दिलं. अख्खं खातं हसलं. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. मूर्खच मी.

आठवड्याभरात बाईंवर मेमो आला: कामाच्या वेळेत खासगी वस्तू तपासली, कंपनीचा टॅग वापरला, मालाची गाडी दहा मिनिटं ताटकळली. मोहितेंना कार्डाचं दुःख होतं असं कुणी म्हणू नये. त्यांनी आणलेल्या सप्लायरांचा माल बाई चार वर्षं परत पाठवत होत्या, आणि आता त्यांना निमित्त मिळालं होतं. बाईंचा करार पुढच्याच महिन्यात संपत होता.

एचआरनं मला साक्षीदार म्हणून बोलावलं. सुट्टी साडेबारा ते एक. टॅग लागला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती, सुट्टी संपल्याचा हूटर होऊन गेला होता. मी लिहिलं, बारा पंचावन्न. सुट्टीतच झालं म्हटल्यावर मेमोत काय उरणार होतं? खोटं लिहिताना मला चक्क छान वाटलं. मग बाईंना आत बोलावलं, वाचून खाली सही करायला.

बाईंनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. कागद माझ्यापुढे ठेवला. "पोरी, हूटर झाला व्हता."

"नव्हता झाला, बाई."

"झाला व्हता. तू लिवलंस, तूच खोड. एकच रेघ मार, खालचा आकडा दिसला पायजे. शेजारी खरा टाइम लिव, सही कर, तारीख घाल." रोज रजिस्टरमधली चूक दुरुस्त करायला सांगायच्या, त्याच आवाजात सांगत होत्या. एचआरचा साहेब खुर्चीत मागे रेलून बघत होता. त्याला काही करावंच लागलं नाही.

मी रेघ मारली. एक दहा लिहिलं. सही केली. खाली बाईंनी केली.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर ओरडले, पार्किंगमधली माणसं वळून बघत होती तरी ओरडले. कुणी सांगितलं होतं एवढं खरं वागायला? घर कसं चालवणार? त्या मोहितेला मोकळं रान दिलंत, माझ्या हातून दिलंत.

बाईंनी मला पुरतं ओरडू दिलं. मग म्हणाल्या, "आज माझ्यासाठी टाइम बदललास. उंद्या सायबासाठी माप बदलशील. ब्रेक हायेत त्ये, पोरी. खाली मानसं मरत्यात."

करार वाढला नाही. बाईंच्या खुर्चीवर आता मी बसते, आणि मोहिते साहेब अजून खरेदी विभागातच आहेत. महिन्यातून एकदा तरी ते माझ्या टेबलाशी येतात, खुर्ची ओढून बसतात आणि गोड आवाजात म्हणतात, "मॅडम, मापात पॉइंट झिरो फाइव्हचा तर फरक आहे." मी मान वर करत नाही, माल परत पाठवते. आणि दर वेळी मला बाईंचा राग येतो. माझी नोकरीही आता अशीच जाणार, आणि मला दुसरं काही करता येऊ नये याची सोय त्या करून गेल्या.