आठवं तिकीट

खाडीकाठच्या काल्हेर गावात पहिलं गोडाऊन उभं राहायच्या आधीची गोष्ट. हौसा ओट्यावर खाडीतले निवटे मासे साफ करत बसली होती आणि आत भाऊ-भावजय भांडत होते.

"उद्या बहिणीचा अंगठा घेशील, जमीन तुझ्या एकट्याची होईल. पण तिला जन्मभर पोसणार कोण?" सीताबाई विचारत होती.

"पोसायचं काय त्यात? ती घरचीच हाय!" पंढरी ओरडला.

नवरा गेल्यावर माहेरी आलेल्या बाईला तेवढा शब्द पुरला. दुसऱ्या दिवशी तिने हक्कसोडीच्या कागदावर अंगठा दिला, शाई पदराला पुसली आणि घरी येऊन भात टाकला.

त्यानंतर वीसेक वर्षं रेशन, दळण, पोरांचे शाळेतले डबे, बाहेरचं होतं नव्हतं ते सगळं हौसाच करत आली. परक्याला कोणी एवढी कामं सांगत नाही, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

दोन हजार सात साली पंढरीचा हितेश धामणकर नाक्यावरच्या सायबर कॅफेतून नाचतच आला. मुंबईहून गोव्याला जाणारी मोठी बोट, तीन रात्री, आणि इंटरनेटवरच्या कंपनीची ऑफर. सात तिकिटांवर आठवं फुकट. घरात माणसं मोजली तर सात. मग आठवं नाव हौसाचं घातलं.

"आत्या, तुझं फोटोवालं कार्ड लागंल बघ."

हौसाचा बाप खाडीत होडी चालवायचा. खाडी दर्याला मिळते तिथून पुढे मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं. ती दोनदा तहसील कचेरीच्या रांगेत उभी राहिली. जन्मतारीख सांगता येईना, तेव्हा कचेरीतल्या बाबूने एक जानेवारी ठोकून दिली. हौसाला पासष्टाव्या वर्षी वाढदिवस मिळाला. कार्ड तिने तांदळाच्या डब्यात ठेवलं. शेजारच्या काशीला मात्र ते दिवसातून दोनदा बाहेर काढून दाखवायची.

निघायच्या आदल्या दिवशी हितेशने तिकिटांचे कागद आणले.

"यात माझं कुठलं रे?" हौसाने विचारलं.

हितेश कागदच सरळ करत राहिला. "आत्या, ते नाव एकदा बदललं तर पैसे लागत न्हाईत..."

"कोणाचं बदललंस?"

सीताबाईच बोलली. "विहीणबाईंना घातलं, बाय. आपल्या पोरीचं, उन्नतीचं लग्न ठरलंय, सासरच्या माणसाला न्हाय म्हणायचं कसं? तू काय, आपलीच."

हौसाने पंढरीकडे पाहिलं. तिने सोडलेल्या जमिनीवरच्या गोडाऊनच्या भाड्यावर पोट सुटलेला पंढरी टीव्हीचा आवाज वाढवत होता.

"आधी सांगतीस तर रांगेत तरी उभी न्हाय राहिले असते," एवढंच ती म्हणाली. मग उठून तिने प्रवासाला न्यायच्या करंज्या तळल्या. करपू दिली नाही एकही. पण त्यातली एकही चाखली नाही.

सातजण आणि विहीणबाई गेले. घरात हौसा आणि किल्ल्यांचा जुडगा राहिला. पहिल्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी काशीने बळेच पेज पाजली. "भांड की गं त्यांच्याशी, आल्यावर," काशी म्हणाली.

"कशावर भांडू? माझा अंगठा माझ्यासमोरच घेतला त्यांनी."

ते परतायच्या आदल्या दिवशी, सकाळी, तिने तांदूळ निवडले, डबा डोक्यावर घेतला आणि केसरीनाथच्या गिरणीवर गेली.

"आत्या, तुम्ही बोटीवर न्हाय गेल्या?"

"गेले असते तर तुझ्याकडं दळण कोणी आणलं असतं? बारीक दळ. उद्या आठ-दहा माणसांच्या भाकऱ्या हायत."

हे तिच्या आयुष्यातलं शेवटचं दळण. घरी आल्यावर छाती दाबून ती जरा वेळ उंबऱ्यावर बसली. मग उठली, वर्तमानपत्र अंथरलं आणि गरम पीठ त्यावर हाताने पातळ पसरून ठेवलं, डब्यात कोंदट होऊ नये म्हणून.