अडचण काही नाही

आप्पांच्या हातून अर्ज गेला की अर्जातला माणूस ओळखू येत नसे. नोकरी असो की टेलिफोन, प्रतापनगरच्या आमच्या रेल्वे क्वार्टर्समधले लोक माझ्या या मोठ्या काकांकडेच येत. कुणाचा वर्षानुवर्षं नापास होणारा भाचाही त्यांच्या अर्जात 'अभ्यासू व होतकरू' होई. "अर्ज म्हणजे स्थळाकडे पाठवायचा फोटो. उजळ बाजूनंच काढायचा," असं ते म्हणत आणि पेनाला टोपण लावून गुजरातीत जाहीर करत, "चालो, थई गयुं!" झालं काम.

मी त्यांची लाडकी पुतणी. मला कुकरची शिट्टी सोसत नसे. कान दाबून मी टेबलाखाली जाऊन बसे. नजरेला नजर देत नसे. कुणी काही विचारलं तर खरं तेच सांगे, म्हणून पाहुणे फारसं विचारत नसत. मला आवडे ती बुरशी. भाकरीचे तुकडे डब्यांत घालून मी ती वाढवी आणि आई डबे फेकायला निघे. आप्पा ते जिन्याखाली लपवून ठेवत. "शास्त्रज्ञ आहे आमची," ते म्हणत. "बाकीचं वयाबरोबर जाईल."

मी नववीत असताना शाळेतल्या बाईंनी अहमदाबादच्या एका उन्हाळी विज्ञान शिबिराचं सांगितलं. ज्यांचं डोकं जरा वेगळ्या रीतीनं चालतं, अशाच मुलांसाठी ते होतं. तिथे सूक्ष्मदर्शक होते आणि गोंगाट नव्हता. मग मी दुसरं काही बोलेनाच. अर्ज अर्थातच आप्पांनी भरायला घेतला. मुलीला काय अवघड जातं, ते त्यात सविस्तर लिहायचं होतं.

"दादा, शिट्टीचं लिहा ना," बाबा हळूच म्हणाले.

"वेडा आहेस? मुलीची जात. उद्या लग्नाच्या वेळी कुणी हे वाचलं तर?" म्हणत आप्पांनी लिहिलं: मनमिळाऊ, चारचौघांत रमणारी, अडचण काही नाही.

उत्तर फार सभ्य आलं. तुमच्या मुलीला या शिबिराची गरज दिसत नाही, जागा गरजू मुलांना देत आहोत.

खरं काय ते सांगायला आप्पा दुसऱ्याच दिवशी बसनं अहमदाबादला गेले. जागा भरल्या होत्या, आणि दहावीची मुलं ते घेत नसत. म्हणजे पुढच्या वर्षाचीही आशा संपली. घरी आले ते सरळ माझ्यासमोर फरशीवर बसले.

"माझ्यामुळं गेलं गं तुझं. रागावलीस?"

मी म्हटलं, "हो."

दुसरी कुणी "नाही हो, आप्पा" म्हणाली असती. मला ते येत नाही.

त्यानंतर आप्पांनी कुणाचा अर्ज लिहिला नाही. डोळे दुखतात म्हणायचे. कुकर लागला की मात्र उठून स्वयंपाकघराचं दार लावायचे आणि गुडघे धरत टेबलाखाली माझ्याशेजारी येऊन बसायचे. एकदा विचारलं, "नेमकं काय होतं गं तुला?" मी सांगत राहिले आणि ते ऐकत राहिले. घरात मला हे तोवर कुणी विचारलं नव्हतं.

आज मी प्रयोगशाळेत बुरशीवरच काम करते. आप्पा ते पाहायला राहिले नाहीत. माझा राग त्या दिवाळीच्या आतच गेला होता. पण "रागावलीस?" असं आप्पांनी पुन्हा विचारलं नाही, आणि असलं काही कुणी न विचारताही सांगायचं असतं, हे मला ते गेल्यावर कळलं.