कुंकू लागलेला डबा

मंडळी, आज माझा नुसता जळफळाट झालाय.

मी आणि शेजारच्या बापूनं मॉडेल रेल्वेचे नवे डबे एकाच दुकानातून घेतले. दोघांच्याही एकेका डब्याचं चाक वाकडं निघालं. फरक एवढाच, मी घरी येताच डब्यांना हळदकुंकू लावलं आणि बापूनं आधी गाडी चालवून बघितली.

दुकानदारानं त्याचा डबा लगेच बदलून दिला. मला म्हणाला, "आजोबा, कुंकू लागलंय की! आता कंपनी परत घेत न्हाय."

संध्याकाळी बापूची गाडी झोकात फिरली. मी तोंडानं "वा, वा" म्हणालो, पण मनात ती घसरायची वाट बघत होतो.

"दादा, तुमचा डबा आता देव्हाऱ्यातच ठेवा की!" बापू हसला.

खरं सांगा, तुम्ही आधी कुंकू लावता की चालवून बघता? चालवून बघणाऱ्यांनो, आज तुमचाही हेवा वाटणार हाय मला.